धुळीची दुरुस्ती

चूक पहिल्या पाच मिनिटांतच सापडली, म्हणून माईंचा पारा आणखी चढला.

संस्थेच्या बैठकीच्या खोलीत तिघेच होते. संचालक, माई आणि टेबलापलीकडे चिमणी. हे नाव माईंनीच ठेवलेलं, मुलीचा आवाज बारीक म्हणून. सहा वर्षं ती माईंच्या हाताखाली शिकली होती. आज तिची नोकरी कायम व्हायची होती, नाहीतर जायची होती. घरी नवरा कामाविना बसलेला आणि बाळ दोन वर्षांचं.

प्रकरण तसं साधं. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश वाटेतल्या धुळीतून येताना मंदावतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्यातून बराचसा निसटतो, तरी थोडा अडतोच. किती अडला ते काढायचं आणि तेवढी भर ताऱ्याच्या तेजात घालायची. ही दुरुस्ती एकदाच करायची. दोनदा केली की तारा उगाच तेजस्वी ठरतो आणि जवळचा वाटतो. चिमणीच्या शोधनिबंधातले तारे असेच जवळ आले होते. निबंध छापून आला, दुसऱ्या एका गटाने तो खोडून काढला आणि संस्थेचं हसं झालं.

"दुरुस्ती दोनदा केलीस," माई म्हणाल्या.

"मी एकदाच केली, माई." चिमणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही दिलेल्या फायलीवर."

"त्या फायलीवर 'मूळ नोंदी' असं मी स्वतः लिहिलंय."

चिमणीने पुढ्यातले कागद एकावर एक लावले.

माईंना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. या पोरीसाठी त्यांनी काय केलं नव्हतं? कुणाला काही द्यायचं तर निवडून-पाखडून द्यायचं, ही त्यांची जुनी खोड. विद्यार्थ्यांना पेन्सिलीसुद्धा टोक करून देत. आता घास चावून भरवायचाच बाकी आहे, अशी त्यांची लेक थट्टा करी. चिमणी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा परत आल्यावर तिची धावपळ नको म्हणून माईंनी सुट्टीच्या दिवशी बसून वर्षभराच्या नोंदी लावून ठेवल्या होत्या. त्याचे हिने हे असे पांग फेडले.

संचालकांचा कल आणखी वर्षभराची मुदत देण्याकडे होता. विद्यार्थिनी तुमची, तेव्हा तुम्हीच ठरवा, असं ते म्हणाले.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," माई म्हणाल्या. "माझी म्हणून पांघरूण घातलं, तर उद्या आपल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील?"

त्यांनी नोकरी संपवण्याच्या कागदावर सही केली. चिमणीने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, "येते, माई" म्हणाली आणि गेली.

निबंध मागे घेत असल्याचं पत्र माईंनाच लिहायचं होतं. त्यात बरोबर आकडे हवेत, म्हणून खोलीत येऊन त्यांनी दुर्बिणीकडून आलेली फाइल उघडली आणि शेजारी आपण चिमणीला दिलेली. पहिला तारा जुळेना. दुसराही जुळेना. चिमणीला दिलेल्या फायलीतला प्रत्येक तारा थोडा जास्तच तेजस्वी होता.

फायलीत केलेल्या बदलांची नोंद संगणक तळाशी आपोआप ठेवतो, तिथवर सहसा कुणी जात नाही. त्या गेल्या. तिथे एकच ओळ होती. धुळीची दुरुस्ती केली. तारीख चिमणी बाळंत झाली त्या दिवसाची होती, आणि तारखेपुढे माईंचं नाव.