जोडाशेजारी

“ज्योत तू धरायचीस,” वेल्डर म्हणाला. “दुसऱ्या कुणी हात लावला तर मी निघालो घरी.”

मॅनेजरने भोवती पाहिलं. बॉयलरपाशी सात-आठ कामगार उभे होते आणि त्यांच्या पुढे मालकीणबाई. कारखाना तीन दिवस बंद होता. एका बाजूला स्टेनलेसची नळी, दुसऱ्या बाजूला काळ्या पोलादाची. दोन्हींचा जोड तीनदा केला आणि तीनदा नळी तडकली. शेवटी मॅनेजर नाक मुठीत धरून बहिणीच्या नवऱ्याकडे गेला. ज्याला नऊ वर्षांपूर्वी त्यानेच या कारखान्यातून काढायला लावलं होतं, त्याच्याकडे.

“दाजी, अहो, इतकी माणसं आहेत. माझे गुडघे...”

“टेकव.”

त्याने गुडघे टेकले. गॅसची ज्योत काळ्या नळीभोवती फिरू लागली.

“एका जागी थांबू नकोस. सगळीकडून सारखी ऊब लागू दे,” वेल्डर म्हणाला आणि कामगारांकडे वळला. “स्टेनलेस सोशिक असतं रे, त्याची फार चिंता नाही. हे काळं मात्र तापट. थंडगार असताना एकदम आग लावली, नाहीतर तापलेलं झटकन गार केलं, तर काचेसारखं होतं. वरून कळत नाही. या दोघांचा संसार लावायचा तर तापटाची समजूत आधी काढावी लागते.”

कामगार हसले. मॅनेजर हसला नाही. त्याच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

तासाभराने वेल्डरने नळी पुरेशी तापली का ते बघायचा खडू तिच्यावर टेकवला. खडू मेणासारखा वितळला. त्याने मुखवटा खाली घेतला आणि रॉड लावला. एक फेरी, थांबणं, पुन्हा एक फेरी. नऊ वर्षं तो लोकांच्या फाटकांना आणि खिडक्यांच्या गजांना टाके मारत होता, पण हात तसूभर हलला नाही.

मुखवटा वर करून तो म्हणाला, “आता ज्योत बारीक कर. पण फिरवत राहा.”

मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “अजून किती वेळ?”

“घाई असेल तर बादलीभर पाणी मारू,” वेल्डर शांतपणे म्हणाला. “काय रे, मारू या?”

“नको!” मॅनेजर ओरडलाच. “फुटेल!”

“कुठे फुटेल?”

मॅनेजरच्या हातातली ज्योत क्षणभर थबकली. “काळ्या नळीत. जोडाच्या शेजारी.”

“आणि मी घातलेला जोड?”

“त्याला... त्याला काही होत नाही.”

“मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू येत नाही.”

“जोडाला काही होत नाही!”

मालकीणबाई एक पाऊल पुढे आल्या. नऊ वर्षांपूर्वी अशीच नळी फुटून वाफेने एका फिटरची पाठ भाजली होती. ‘वेल्डरचा हात कच्चा’ असा अहवाल मॅनेजरने दिला होता आणि त्याखाली सही त्यांनी केली होती.

“तेव्हा नळी कुठे फुटली होती?” त्यांनी विचारलं.

मॅनेजर खाली बघत राहिला. “शेजारी.”

“पाणी कुणी मारलं होतं?”

मॅनेजरने ज्योत पुन्हा नळीभोवती फिरवली.

“मी,” तो म्हणाला. “कारखाना लवकर सुरू करायचा होता.”

मालकीणबाईंनी वेल्डरकडे एकदा पाहिलं आणि त्या बाहेर गेल्या. मागोमाग कामगारही एकेक करून पांगले. जाताना एक म्हातारा फिटर वेल्डरच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

दोघंच उरले.

“झालं ना तुमच्या मनासारखं, दाजी?”

“अर्धं झालं. उद्या जेवायला घरी ये. हेच सगळं तुझ्या ताईसमोर सांग. नऊ वर्षं ती मला ऐकवतेय, माझा भाऊ कधी खोटं बोलायचा नाही म्हणून.”

“ताईसमोर नको,” मॅनेजर पटकन म्हणाला. “हवं तर चार लोकांत परत सांगतो. पाया पडतो तुमच्या. ताईसमोर नको.”

वेल्डरने वाकून जोड पाहिला. शेजारच्या काळ्या नळीवर बोटभर पट्टा निळसर झाला होता, सगळीकडून सारखा. कुठे रेघ नाही, तडा नाही. आता ज्योत बंद करून, नळी हळूहळू गार व्हावी म्हणून वरून न जळणारं जाड कापड गुंडाळलं की काम संपलं. कापड त्याच्या पायाशीच होतं.

“ठेवू का आता?” मॅनेजरने विचारलं. “हात भरून आलेत.”

वेल्डरने स्टूल ओढलं, कापडाची घडी करून त्यावर टाकली आणि त्याच्यासमोर ऐसपैस बसला.

“धर अजून,” तो म्हणाला.