फोटोखालची पट्टी

"ह्यो कोण म्हनायचा?" दिनकरराव पाटलांनी कागद हातभर लांब धरून विचारलं.

ज्याचा फोटो होता तो माणूस त्यांच्यापासून तीन हातांवर, चावडीतल्या खुर्चीत बसला होता. चावडीत खुर्चीवर बसायची ही त्याची पहिलीच वेळ. फोटोसाठी बसवलं म्हणून बसला, आणि ऊठ असं कुणी सांगितलं नाही म्हणून अजून बसलेलाच होता.

"मालक, मीच की," तो म्हणाला.

"तू व्हय रे. पण हितं तर मुंजाजी लिंबाजी लिव्हलंय. मी काई ह्या गृहस्थाला वळखत न्हाई बाबा."

चावडीत हशा पिकला. कॉम्प्युटरपुढे बसलेला भुजंग तेवढा हसला नाही. पट्टी त्यानेच लावली होती, आणि खुर्चीतला माणूस त्याचा बाप होता.

काम तसं सोपं होतं. गायरान कसणाऱ्या बेचाळीस जणांना सरकार पट्टे देणार होतं. जमीन नावावर होणार होती. त्यासाठी प्रत्येकाचा फोटो, फोटोखाली नाव, आणि त्याखाली 'या इसमास मी या नावाने ओळखतो' अशी पंचाची सही. पंच म्हणजे दिनकरराव. फोटोंचं काम परभणीच्या एका ठेकेदाराने घेतलं होतं, आणि त्याने भुजंगला जीपमध्ये कॉम्प्युटरशेजारी बसवून भुजंगच्याच गावी धाडलं होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: हुकूम, फोटोचा नंबर, आणि दोन अवतरणचिन्हांच्या मधे नाव. बटन दाबलं की फोटोच्या पायथ्याशी काळी पट्टी उमटे, तिच्यावर पांढरं नाव. मशीन मोठं भाबडं होतं. अवतरणचिन्हांत जे घालाल ते त्याला खरं वाटे.

यादी तलाठ्याची. तलाठ्याने नावं गावात हाक मारतात तशीच उतरवली होती. मुंज्या. चंद्र्या. बायनी. एक्केचाळीस नावं भुजंगने यादीबरहुकूम टाकली. एकदाही त्याचं बोट अडखळलं नाही. बेचाळिसाव्याला अडखळलं. "बा, जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं, त्याला सोळा वर्सं लागली. तुजं एका बटनात करतो," तो हळूच म्हणाला आणि यादीतल्या 'मुंज्या लिंबा'ला त्याने दोन्हीकडे 'जी' जोडलं.

"वाच की," म्हातारा म्हणाला. भुजंगने वाचलं. "पुन्यांदा वाच." तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याने पटक्याचं टोक तोंडावर धरलं. हसत होता की काय, भुजंगला दिसलं नाही. ह्या गोष्टीला आता पाऊण तास झाला होता.

"फोटो याचाच आहे ना?" कचेरीतून आलेल्या साहेबांनी घड्याळ बघत विचारलं. त्यांना चारच्या आत पालम गाठायचं होतं.

"फोटू मुंज्याचाच हाय साहेब. लय जुना मानूस आमचा. नाव तेवढं दुसऱ्याचं लागलंय. मी खोटी सही कशी करू?"

दिनकरराव खोट्या सहीला फार भीत. मागच्या साली त्यांनी रोजगार हमीच्या हजेरीपटावर सही केली, तेव्हा त्या पटावर सात मेलेली माणसं खडी फोडत होती. पण त्यांची नावं अगदी बरोबर होती.

भुजंग उठला. "साहेब, नाव मुंजाजीच हाय. मुंज्या ह्यांनी केलं."

"पुरावा?"

"निजामाच्या वक्ताचा उर्दू कागद होता घरात. मुंजाजी वल्द लिंबाजी, असं साफ लिव्हलेलं. अठ्ठ्याहत्तरला घरासंगं जळाला."

घर कसं जळालं, हे साहेबांनी विचारलं नाही. ते बाहेरगावचे होते. बाकीच्यांनी विचारलं नाही. ते गावातले होते. दिनकररावांनी पेनाला टोपण लावलं.

"मग बेचाळीस नंबर राहू द्या," साहेब म्हणाले. "पुढचा फेरा निघेल तेव्हा बघू."

म्हातारा खुर्चीतून उठला. ज्या दोन एकरांत त्याने एकोणीस वर्षं दगड वेचले होते, ती दोन एकरं पुढच्या फेऱ्यापर्यंत त्याची राहणार नाहीत, हे त्याला वाचता येत नसूनही कळत होतं.

"भुजंगा, मुंज्या लिव्ह."

"बा, थांब जरा..."

"लिव्ह म्हन्तो ना. रान मुंज्यानं फोडलंय. मुंजाजी तर आजच आलाय गावात. त्याला कशापायी पायजे जमीन?"

पुन्हा हशा पिकला. ह्या वेळी साहेबही हसले. "लय शाना हाय आमचा मुंज्या," दिनकरराव कौतुकाने म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

भुजंग खाली बसला. त्याने ओळ टाइप केली. हुकूम, बेचाळीस, अवतरणचिन्ह, मुंज्या लिंबा, अवतरणचिन्ह. बटन दाबलं. पट्टी उमटली नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि तिच्या शेवटी पांढरा ठिपका लुकलुकत राहिला. भुजंगची बोटं बटनांवरच थांबली.

"काय म्हनायलंय ते?" म्हाताऱ्याने विचारलं.

"इचारायलंय."

"काय?"

"आधीचं नाव पुसू का, म्हून."

म्हातारा पुढे झाला. वाकून पडद्याकडे बघत राहिला. लुकलुकणाऱ्या ठिपक्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"इचारायलंय?"

"व्हय, बा."

"बरं हाय की रं," म्हातारा म्हणाला. "हे इचारतंय तरी."