चौथा भोपळा

"आई, बाईने अख्खा भोपळा कापला तर काय होतं गं?"

हे मी घरी विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं की नाही! वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाला घाबरतच नाही.

विळीवर चाललेला आईचा हात थांबला. "भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. पहिला घाव पुरुषानेच घालायचा. बाईने घातला तर मुलाच्या जिवावर येतं."

"तू तर कधीच घातला नाहीस," माझ्या तोंडून निघून गेलं. "तरी दादा गेलाच ना?"

आईने मान खाली घातली. पैज जिंकल्याचं माझं सगळं अवसान गळालं.

जूनमध्ये दादाने परसात भोपळ्याच्या बिया लावल्या आणि गणपतीत मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. वेलाला मात्र चार भोपळे धरले. बाबा रोज सुरी घेऊन परसात जातात आणि तसेच परत येतात. तीन भोपळे वेलावरच सडले. आत्ताही बाबा दारात उभे होते, हातात कोरडी सुरी.

मी ती त्यांच्या हातातून घेतली.

"आई, बाबा, चौथा भोपळा मी कापणार. दादाच्या वेलाच्या बिया मी सडू देणार नाही."