खाणीच्या दगडांचं घर

किरणोत्सर्ग मोजायचा मीटर भिंतीला लावताच वेड्यासारखा कडकडायला लागला. न्यू मेक्सिकोतल्या युरेनियमच्या खाणीत राबलेल्या नवाहो आदिवासी म्हाताऱ्याने तिथलेच टाकाऊ दगड आणून हे घर बांधलं होतं. आता, त्र्याऐंशी साली, त्याची फुप्फुसं निकामी झाली होती आणि त्याच भिंतीला टेकून नात खेळत होती. "हे घर सोडा," मी पुन्हा विनवलं. "जाऊ कुठे, डॉक्टर?" त्याची लेक भडकली. "आधी बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवा. आमच्यात घरात कुणी वारलं, की ते घर कायमचं सोडावं लागतं." आम्ही स्ट्रेचर उचललं. दाराशी येताच म्हाताऱ्याने चौकट गच्च धरली. बोटं सुटता सुटेनात. "बाबा, सोडा ना!" ती रडायला लागली. धापा टाकत त्याने नातीकडे पाहिलं. "मला आतच मरू दे," तो म्हणाला. "मग तरी पोरीला घेऊन इथून निघशील."