नऊ मीटरचा रस्ता

नकाशा सहाव्यांदा परत आला तेव्हा अभियंताबाईंनी तो उलगडलासुद्धा नाही. कोपऱ्यातला शेरा त्यांना आता तोंडपाठ होता.

टेकाडावर दोनशे घरांची नवी वसाहत व्हायची होती. शहराची नियमावली सांगायची: रस्ता नऊ मीटर, सगळा पक्का. नदीखात्याची नियमावली सांगायची: टेकाडावर पडलेलं पाणी टेकाडातच मुरलं पाहिजे. आता नऊ मीटर काँक्रीट ओतल्यावर पाणी मुरणार कुठे? ते उतारावरून थेट खालच्या वस्तीत जाणार. तिथे तर आधीच दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरायचं.

"इकडे आड, तिकडे विहीर," बाई घरी येऊन म्हणायच्या.

"दोन्हींत पाणी आहे ना? मग नदीखातं खूश," नवरा म्हणायचा. बाईंना हसायचं नसायचं, पण हसू यायचं.

सुनावणीला खालच्या वस्तीतले लोक झुंडीनं यायचे आणि तावातावानं भांडायचे. त्यांच्यातच एक मावशी असायच्या. शिवणकाम करायच्या; झंपराच्या गळ्याशी सुई टोचलेली तशीच राहिलेली असायची. सभेत त्या चकार शब्द काढायच्या नाहीत. उठताना मात्र बाईंपाशी थांबायच्या.

"नीट करा, मॅडम. उशीर झाला तरी चालेल."

"तुमच्यासाठीच तर चाललंय हे, मावशी."

मावशी नुसती मान हलवायच्या. त्या एका वाक्यावर बाई पुढचा महिना रेटायच्या.

शेवटी बाईंनी तोड काढली. पक्का रस्ता सहाच मीटर, आणि दोन्ही कडांना दीड-दीड मीटर गवताची पट्टी. पाणी पट्टीत मुरेल. नदीखात्याचे साहेब खूश झाले. अग्निशमन दलाचे प्रमुख मात्र तसूभर हलेनात.

"नियम नऊचा आहे. सहावर मी सही करणार नाही."

"पण का, ते तरी सांगा!"

"नियम आहे म्हणून."

दगडावर डोकं आपटावं तसं चाललं होतं. मग वरून आयुक्तांनी दम भरला. पुढच्या सुनावणीत प्रमुखांनी एक सुस्कारा सोडला आणि खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात मागच्या रांगेत मावशी उभ्या राहिल्या.

"त्या गवताखाली काय आहे?"

"माती," बाई म्हणाल्या.

"वर वजन आलं तर दबेल?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, आणि लोक आपल्या गाड्या कडेलाच लावणार. दोन वर्षांत पट्टीचा दगड झाला असता आणि खालची वस्ती पुन्हा पाण्यात गेली असती. इतकी शिकलेली माणसं बसली होती, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. बाईंनी आपणहून नकाशा मागे घेतला.

महिनाभर खपून त्यांनी पट्टी नव्यानं आखली. खाली खडी, त्यावर भोकाभोकांचे भक्कम ठोकळे, आणि भोकांतून उगवणारं गवत. पाणी मुरणार, माती दबणार नाही.

प्रमुखांनी कागद दोनदा वाचला. "एवढं भक्कम आहे म्हणता? मग माझा बंब घालून बघतो."

चाचणीसाठी तयार केलेल्या तुकड्यावर पाण्यानं भरलेला बंब गवतावर चढला, वळला, परत आला. चाकाचा ठसासुद्धा उमटला नाही. प्रमुखांनी बंबाच्या पायरीवरच कागद टेकवून सही ठोकली.

मावशी भर उन्हात बघत उभ्या होत्या, तोंडावर हात धरून.

"काळजी करू नका," बाईंनी लांबूनच ओरडून सांगितलं. "मुळं शाबूत आहेत!"

वसाहत उभी राहिली. पुढच्या वर्षी सलग तीन दिवस पावसानं झोडपून काढलं. चौथ्या दिवशी सकाळीच बाई खालच्या वस्तीत गेल्या. उंबरे कोरडे ठणठणीत होते. ज्या लोकांनी सुनावणीत त्यांना शिव्या घातल्या होत्या, त्यांनीच खुर्ची पुढे केली, चहा आणला. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. बाईंना भरून आलं.

मावशी दुसऱ्या ओळीतल्या घरात मशीनवर बसल्या होत्या.

"मावशी, खरे आभार तुमचे. तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. आता काही तुमच्या घरात पाणी यायचं नाही."

मावशींनी मशीन थांबवलं. उठून बाईंचे दोन्ही हात हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"आभार तर मीच मानायचे, मॅडम. बंब गवतावरून वळला ना, त्या दिवसापासून मला झोप लागते. हे घर माझ्या बहिणीचं आहे. माझं घर वर होतं, जुन्या गल्लीत. तिथं पाणी कधी आलंच नाही. घर पेटलं त्या दिवशीसुद्धा नाही. बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकून पडला होता."