दूध काढायची काच

कापसाला सोन्याचा भाव आला, तशा अमरावतीच्या बाजारात विलायती वस्तू दिसू लागल्या. गरोदर मनकर्णाने मान खाली घालून दुकानदाराकडे अंगावरचं दूध काढायची काच मागितली. त्याने दोन मांडल्या. एक तोंडाने ओढायची, दुसरी रबरी फुग्याची. मागच्या बाळंतपणात तिचं दूध दाटलं, लेकीला ओढता येईना. तेव्हा शेतावर राबणाऱ्या गोदीने लेकीला पाजलं आणि पेजेवर ठेवलेलं गोदीचं तान्हं दगावलं. आज तीच गोदी डोक्यावर गाठोडं घेऊन पायरीशी उभी होती. “फुग्याचीच घ्या, बाई,” ती म्हणाली. “दुखनार नाई. औंदा माहं दूध माह्याच लेकराले भेटन.” मनकर्णाने चमकून पाहिलं. गोदीचं पोट वर आलं होतं. चार कोस ती मनकर्णाच्या दमणीमागे, बैलांच्या मागोमाग पायी चालत आली होती. “कितवा महिना तुले?” “सातवा. तुमच्यासारखाच.” मनकर्णाने गाठोडं उतरवून घेतलं, पण मान वर होईना.