एक्केचाळिसाव्या मिनिटाचा 'वा'

"हा 'वा' बाहेरून आणून चिकटवलाय," बद्रीनाथ ओगले म्हणाले आणि त्यांनी कानांवरचे हेडफोन उतरवले.

एक्केचाळिसावं मिनिट चालू होतं. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये समोरच्या खुर्चीत भाग्यश्री बसली होती. गायिका दुर्गाबाईंच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण तिनं केलं होतं आणि बुधवार पेठेतल्या आपल्या स्टुडिओत ते साफही तिनंच केलं होतं. तिनं नुसती मान हलवली. ओगल्यांपुढे मान हलवण्यापलीकडे सहसा कुणी काही करत नसे.

कारण ओगल्यांचे कान. मैफलीचा म्हणून निघालेल्या अल्बममध्ये स्टुडिओत काय काय शिवलंय, हे ते टाके मोजून सांगत. एकदा सहाशे माणसांच्या टाळ्या ऐकून ते म्हणाले होते, माणसं साठच आहेत, दहादा वाजवलीत, आणि त्यातला एक डावखुरा आहे. तो डावखुरा पुढे हडपसरला सापडला. दुसऱ्या एका अल्बममधली शिंक त्यांनी पकडली. मैफल मे महिन्यातली होती, शिंक डिसेंबरातली. निर्मात्यानं त्याच दिवशी कबुली दिली आणि पुढे उसाच्या रसाचं दुकान काढलं.

हे मुद्रण ज्या पुरस्कारासाठी आलं होतं त्याचे ओगले एकमेव परीक्षक होते. त्याचा नियम एका ओळीचा होता आणि तो त्यांनीच लिहिलेला होता. खोकला, कुजबुज, खुर्चीची करकर कापलेली चालेल. बाहेरून आणून काहीही घातलेलं चालणार नाही. दुर्गाबाईंच्या मुद्रणात बावीस ठिकाणी कात्री लागलीय, हे त्यांनी आधीच टिपून ठेवलं होतं. कात्री सफाईदार आहे, असा शेराही दिला होता. कुणीतरी सारखं बडबडत असावं, असल्या माणसांना आत सोडतात कसे, असंही म्हणाले होते. पण हा 'वा' म्हणजे घातलेला माल होता.

दुर्गाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या पुन्हा गातील असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. त्या गायल्या, एकदाच, आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी अशी तान घेतली की गावात दोन तट पडले. एक ऐकलेल्यांचा, दुसरा न ऐकलेल्यांचा. न ऐकलेल्यांचं म्हणणं, तान जुन्या टेपवरून उचललीय. आता ओगल्यांनी दाद खोटी ठरवली की तान आपोआप खोटी ठरणार होती. आणि पुन्हा गाऊन दाखवायची सोय नव्हती. त्या संध्याकाळनंतर दुर्गाबाईंचा गाता आवाज जो बसला तो उठलाच नव्हता.

भाग्यश्रीनं विचारलं, खोटा कशावरून. ओगल्यांनी बोटं मोजली. बाकीची दाद लांबून येते, हा 'वा' माइकच्या तोंडाशी आहे. बाकीचे समेची वाट बघतात, हा समेच्या आधीच निसटलाय. शिवाय आवाज भरून आलाय. चाळीस वर्षं दुर्गाबाईंच्या प्रत्येक मैफलीला ते पहिल्या रांगेत, डावीकडच्या टोकाला बसत आले होते; याही मैफलीला होते, पण परीक्षक म्हणून मुद्रणाबाहेरचं काही धरत नसत. त्या भागात असा गळा त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"पुण्याचा माणूस नाही हा," ते म्हणाले. "पुण्यात इतक्या सहज दाद कुणी देत नाही."

भाग्यश्रीनं लॅपटॉप उघडला. श्रोत्यांचा माइक पहिल्या रांगेच्या डाव्या टोकालाच लावला होता, ती म्हणाली. कात्री न लागलेलं मूळ मुद्रण ऐकायचं का? ओगल्यांनी हेडफोन चढवले.

मूळ मुद्रणात दुर्गाबाई गात होत्या आणि त्यांच्या पुढ्यात एक माणूस बोलत होता. अकराव्या मिनिटाला तो म्हणाला, तंबोरा उतरलाय. अठराव्याला म्हणाला, पंखा कोमल धैवतात फिरतोय. सव्विसाव्याला म्हणाला, शस्त्रक्रिया जाणवते. हे सगळं कापायला भाग्यश्रीला नऊ दिवस लागले होते. बोलणारा कोण, हे ओगल्यांनी पहिल्याच वाक्याला ओळखलं. ते मान डोलावत ऐकत राहिले. निरीक्षणं सगळी बरोबर होती.

चाळिसाव्या मिनिटाला तो माणूस बाविसावं वाक्य बोलला. "आता दम संपणार."

तान आली. वर गेली, वळली, संपली असं वाटलं तिथून आणखी वर गेली. माणूस गप्प होता. पंखासुद्धा दबकून फिरत असावा. मग सम यायच्या आधी, माइकच्या तोंडाशी, भरल्या गळ्यानं कुणीतरी 'वा' म्हणालं.

ओगल्यांनी तेवढा तुकडा सात वेळा ऐकला. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, पुन्हा नीट सरळ करून ठेवले.

"माझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"अहो काका," भाग्यश्री म्हणाली, "तुमच्या शेजारची खुर्ची कधी कुणी घेतं का?"

मग तिनं राहिलेलं सांगितलं. बावीसच्या बावीस काढून टाक, असं दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. हा एक तेवढा राहू दे, म्हणाल्या, चाळीस वर्षं वाट पाहिलीय.

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. ती का होत नाही, हे ओगल्यांनी नेहमीसारखं सांगितलं नाही. शेवटी त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला, आधीची ओळ पट्टी लावून खोडली, खाली नवी ओळ लिहिली, सही केली आणि कागद भाग्यश्रीकडे न बघता तिच्या हातात दिला.

"तान अस्सल. दाद अस्सल. दाद देणारा इसम परीक्षकाच्या परिचयाचा नाही."